धडक ट्रकचीच होती

मी, मोटारसायकली दुरुस्त करणारा, वय एकसष्ट, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. कोणाचा दबाव नाही. पाय एकच उरला असला तरी डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टर हल्ली माझ्या तब्येतीचं बोलताना माझ्याऐवजी हिच्याकडे बघतात, म्हणून ही घाई.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. ती हयात असेपर्यंत मुलाने वाटणीचा विषय काढू नये. थोरल्या भावाला माझी काठी द्यावी. इस्पितळात तो एकदाही फिरकला नाही, पण भरपाईचं काय झालं ते विचारायला हटकून येतो. एवढ्या खेपा घालून बिचाऱ्याचे गुडघे दुखत असतील.

२. गॅरेज व सर्व हत्यारे माझ्या भागीदाराची, ज्याला सगळे ‘पाना’ म्हणतात. मुलगा त्याच्याशी बोलत नाही. कारण असं, की अपघातानंतर मी इस्पितळात असताना पानाने माझी चेपलेली मोटारसायकल खपून दुरुस्त केली, पोचे काढले, रंग मारला. ट्रकच्या विमा कंपनीचा माणूस पाहणीला आला, तेव्हा गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता. “बघा साहेब, कशी केलीय!” असं वर पानानेच त्याला सांगितलं. आमच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. कंपनीच्या वकिलाने कोर्टात तेच धरून ठेवलं: ट्रक लागलाच नाही, हा आपला आपण पडला. पण मोडकी गाडी दिसली की आमच्या धंद्यात हात शिवशिवतात. मीही तेच केलं असतं. बाळा, त्याच्याशी बोल. तो तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसतो.

३. भरपाईचा दावा माझ्यामागे पत्नी व मुलाने चालवावा. ट्रकच्या ड्रायव्हरने कोर्टात उभं राहून सांगितलं, “धडक मीच दिली. ब्रेक नीट लागत नाहीत, हे मालकाच्या कानावर घातलं होतं.” आम्ही जिंकलो आणि त्याची नोकरी गेली. आता कंपनी अपिलात गेली आहे आणि तडजोडीचं बोलते. चूक माझीच होती असं लिहून द्यायचं, की निम्मी रक्कम लगेच हातात. मी गेल्यावर तो कागद तुमच्यापुढे येईल. घरची ओढाताण मला ठाऊक आहे, तरी सही करू नका. तो माणूस आपल्यासाठी खरं बोलला, आपण त्याला खोट्यात पाडायचं नाही.

४. माल आणायचा टेम्पो ड्रायव्हरला द्यावा, अशी माझी फार इच्छा होती. परवा तो भेटायला आला तेव्हा तसं बोललो. तो म्हणाला, “दादा, माझ्या नावावर काही लिहू नका. उद्या म्हणतील, यासाठीच बोलला होता.” किती समजावलं, ऐकेना. मला रडू आलं. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष मृत्युपत्रावर घेऊ नये, ज्याला काहीच मिळत नाही त्याची चालते. तेव्हा टेम्पो मुलाला. ड्रायव्हरला काहीही नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, दोघांच्या समक्ष सही केली.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार

सही: गॅरेजवाला

साक्षीदार
१. माझे डॉक्टर
२. ज्याच्या ट्रकने मला धडक दिली, तो ड्रायव्हर