दोन पिवळे दिवे आणि बी-विंगचा दिग्विजय

१० ऑगस्ट
सोसायटीच्या गणपतीचा देखावा यंदा माझ्याकडून काढून बी-विंगच्या दिग्विजयला दिला. विषय म्हणे 'रेल्वे जंक्शन'. गेल्या वर्षीच्या माझ्या हिमालयात काय कमी होतं? थोडा कलला होता, इतकंच. सूड घेणार. सुसंस्कृतपणे.

१६ ऑगस्ट
क्लबहाऊसमध्ये डोकावलो. एका सिग्नलवर दोन पिवळे दिवे एकदम! वायरिंगची घोडचूक. ग्रुपवर फोटो टाकला. दिग्विजयचं उत्तर: काका, दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल सावकाश ओलांडायचा, गाडी बाजूच्या रुळावर वळणार आहे. सगळ्यांचे अंगठे त्याला. प्रेमलाचासुद्धा. बायको आहे ती माझी!

१८ ऑगस्ट
अभ्यास केला. एक पिवळा आणि वर पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ: गाडी वळणार, वेग कमी. हिरवा: सुसाट. दहा मिनिटांत आलं. दिग्विजयसारखे इंजिनिअर लोक उगाच भाव खातात.

२६ ऑगस्ट, दुपार
सगळे मूर्ती आणायला नारायण पेठेत. मी गुडघा दुखतो म्हणून मागे. जोडीतला एक दिवा काढून खिशात टाकला, पांढऱ्या ओळीची वायर सुटी केली, बाकी पिवळ्यांवर हिरवे जिलेटिन कागद. दिग्विजय सिग्नल बघूनच रिमोटवर गाडी चालवतो, असं सगळ्यांना ऐकवत असतो. उद्या चालव म्हणावं. वळणावर आडवी होईल, सर्वांदेखत. दुपारची झोप छान लागणार.

२७ ऑगस्ट, आरतीनंतर
दिग्विजयने रिमोट माझ्याच हातात दिला. ज्येष्ठ म्हणून. वाकून नमस्कारही केला. नाही म्हणणार होतो, पण टाळ्या पडल्या. पोरं ओरडायला लागली, हिरवा आहे, फुल्ल सोडा! हळू चालवावी तर का म्हणून विचारणार. सोडली. गाडी वळणावरून उडाली ती मोदकांच्या ताटात.

लगेच गरजलो, सिग्नलच चुकीचा आहे! इथवर सगळं प्लॅनप्रमाणे. मग प्रेमलाने चष्मा चढवून सिग्नल पाहिला आणि मोठ्याने म्हणाली, अहो, हे तर आपल्या हिमालयातलं गवत! कागदावर मी रंगवलेल्या मेंढीचा पाय होता.

२८ ऑगस्ट
दिग्विजय दारात येऊन म्हणाला, काका, चुकून झालं असेल, मनाला लावून घेऊ नका. असला नीच माणूस मी पाहिला नाही.

कमिटीने मला चपलांच्या स्टँडवर बसवलंय. जबाबदारीचं काम. आणि संधीही. दिग्विजयची कोल्हापुरी हेरून ठेवली आहे.

२९ ऑगस्ट
स्टँडवरून माझीच चप्पल गेली. दिग्विजयने त्याची जुनी दिली. मापात बसली.