पाहुण्या जिवाचा निरोप

चेर्नोव्हिट्झ, ५ मार्च १९११

ती. फ्रेडेताईस,
झानवेलचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. घड्याळांची दुरुस्ती बरी चालली आहे. ब्लूमाचे गुडघे कुरकुरतात आणि ब्लूमा माझ्यावर. माझा ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. कांदा आणि गुलाब मला आता सारखेच.

एरवी हसलो असतो. पण शनिवारी सांजेला शब्बाथच्या विसाव्याच्या दिवसाला निरोप देताना लवंगांची डबी नाकाशी धरायची वेळ येते, तेव्हा हसू पळतं. शुक्रवारी प्रत्येकाकडे पाहुणा म्हणून आलेला दुसरा जीव तेव्हा परत निघतो, मागे राहिलेल्याने खचू नये म्हणून तो सुगंध. मला तर वासच नाही. तीन शनिवार मी लांब श्वास ओढून सुगंधाबद्दल आभार मानायचं नाटक केलं. देवासमोर खोटं बोललो, ताई.

आडून आडून जावयांना विचारलं. बेर्नहार्ट शाळेत तत्त्वज्ञान शिकवतात. विचारायची खोटी, सुरूच झाले. ग्रीकांच्या मते म्हणे आत्मा देहाच्या तुरुंगात अडकलेला असतो. एका फ्रेंच पंडिताने तो मेंदूतल्या एवढ्याशा गाठीत बसवला. नाकात मात्र अजून कुणी बसवलेला नाही. सगळे हसले, मीही हसलो. पण तो पाहुणा माझ्याकडे यायचाच थांबला असेल तर?

ब्लूमाला कळू देऊ नकोस. लोभ आहेच, रागावणं बेताचं असावं.

तुझा झानवेल

ब्रोडी, ८ मार्च १९११

चि. झानवेलास अनेक आशीर्वाद.

आधी पोटभर हसले, मग डोळे पुसले. लहानपणी आईने भट्टीतून पाव काढायच्या आधीच तू जिन्यावरून ओरडायचास, कड करपली म्हणून. ते नाक गेलं, फार वाईट वाटलं.

जावईबापूंना सांग, तुरुंगात दर शुक्रवारी मासा आणि वेणीचा पाव मिळत असेल तर तुझी बहीण उद्याच चोरी करेल. आपल्याकडचा पाहुणा जेवायला येतो. शुक्रवारी तू अजून दोनदा मासा वाढून घेतोस ना? मग दुसऱ्यांदा कुणासाठी?

पण ते खोटे आभार बंद. रब्बींकडे जा, आणि ब्लूमालाही सांग. आमचे हे गेले तेव्हा मी रडणं सगळ्यांपासून लपवलं. फार जड गेलं रे.

माया पूर्वीसारखीच, कानउघाडणी थोडी जास्त.

फ्रेडे

चेर्नोव्हिट्झ, १२ मार्च १९११

ती. फ्रेडेताईस सा. न.

शुक्रवारी सकाळी रब्बींकडे गेलो. ते म्हणाले, वास येत नाही त्याने आभार मानू नयेत. दुसऱ्याने म्हणावं, तू आमेन म्हण. तोंड पाडून घरी आलो आणि ब्लूमाला सांगितलं. ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, मला पहिल्याच शनिवारी कळलंय!

झालं होतं असं, की नातीची दाढ दुखली म्हणून तिने डबीतल्या लवंगा काढल्या आणि परत भरायला विसरली. मी रिकामी डबी नाकाशी धरून वर आहाहा केलं! माझ्यामागून डबी तिच्याच हाती जाते. तिने ती गुपचूप आत नेऊन भरली, आणि तेव्हापासून तिन्ही शनिवार चुलीपाशी उभं राहून हळूच आभार मानले, दोघांच्या वतीने. तिचा पिठाचा हात तसाच धरून उभा राहिलो.

काल तिने सगळ्यांसमोर मोठ्याने आभार मानले, मी आमेन म्हणालो. डबी हुंगली. वास कसला, काही नाही. पण घर एकदम रिकामं वाटलं, स्टेशनवर घरच्या माणसाला सोडून परतताना वाटतं तसं, आणि मी डबी घेऊन दारात जाऊन उभा राहिलो. बेर्नहार्ट घाबरून विचारू लागले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पाहुणा गेला. त्यांनी डबी मागून घेतली आणि दोनदा हुंगली.

ताई, गेला, म्हणजे आला होता.

पुढच्या शुक्रवारी तूही ये. तुझ्यासाठी मासा दोघांपुरता ठेवतो.

तुझा झानवेल