डबा रिकामा पाठवू नये

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
६ जुलै २०२५

चि. दिनू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर किडनीचा विषय निघाला की कुकरची शिट्टी होतेय असं सांगून तू फोन ठेवतोस. गेल्या महिन्यात तुमच्या कुकरच्या एकोणीस शिट्ट्या झाल्या. म्हणून यापुढे हा विषय पत्रातच.

बातमी अशी, की माझे सगळे रिपोर्ट आले आणि माझी किडनी तुला चालते. चारुताची पत्रिका तुझ्याशी जुळली होती, रक्तगट जुळत नाही, तेव्हा रांगेत मी एकटीच. अट एकच आहे. डॉक्टर म्हणाले, बीपी नाही, साखर नाही, सगळं उत्तम आहे, पण या उंचीला अठ्ठ्याहत्तर किलो वजन जास्त होतं. डिसेंबरात बाहत्तर भरलं तर ऑपरेशन, नाही तर नाही. म्हणजे सहा किलो. आयुष्यात एवढं वजन मी एकदाच कमी केलंय, आमची आभा झाली त्या दिवशी.

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणजे कादंबरी, आभाच्याच वयाची मुलगी. मला वाटलं होतं, काकडीवर जगा म्हणेल. तिने अर्धं पान लिहून दिलं. ताट छोटं घ्या, त्यात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला द्या, भात एकदाच वाढून घ्या, रात्री आठच्या आत जेवा, रोज अर्धा तास चाला आणि उभ्याने काही खाऊ नका. भात बंद नाही का, असं मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, जे सत्तराव्या वर्षीही जमेल तेवढंच आज सुरू करा. मला मुलगी पटली. तुझ्या भाऊजींना पटली नाही, कारण छोटं ताट त्यांनाही मिळालंय.

पाणी मोजूनच पी. तुझ्यावर रागावले आहे, पण आशीर्वादात काटछाट केलेली नाही.

तुझी,
ताई

चिपळूण
१५ जुलै २०२५

ती. वसुताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर अजून तू बालवाडीच्या फळ्यावर काढायचीस तसंच आहे.

मी किडनी मागितलेली नाही, हे आधी स्पष्ट करतो. मंगळवारी आणि शुक्रवारी चार-चार तास मशीनला टेकून पडतो. पेपर वाचून होतो, शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ त्यांच्या सुनेबद्दल सांगतात, वेळ बरा जातो. माझं काही अडलेलं नाही.

तू या वयात उपाशी राहावंस हे मात्र मला बघवत नाही. म्हणून आईच्या पितळी डब्यात रवा-नारळाचे तीस लाडू भरून एसटीच्या पार्सलने पाठवतोय. हे पत्र मिळेपर्यंत पनवेल स्टँडवर येऊन पडलेले असतील. नारळाचे आहेत, लवकर संपव, खराब होतील. डबा परत पाठव. आईचा नियम तुला सांगायला नको, डबा रिकामा पाठवू नये.

भाऊजींना नमस्कार. त्यांना मोठं ताट दे. त्यांनी काय केलंय?

तुझा,
दिनू

खांदा कॉलनी
१० ऑगस्ट २०२५

चि. दिनू यास,
अ. उ. आ.

लाडू पोचले. पार्सलच्या खिडकीवर डबा तोलला तर सव्वादोन किलो भरला. सहा किलो कमी करायला निघालेली बाई सव्वादोन किलो हातात घेऊन घरी आली. चार खाल्ले. खोटं कशाला बोलू, सहा खाल्ले.

तरी वजन शहात्तर आहे. उभ्याने खाऊ नका, या एका ओळीने घात केला. तीस वर्षं मी दिवसातून एक जेवण जास्त जेवत होते आणि मला पत्ता नव्हता. भाजीची चव बघायची, पातेल्याच्या तळाचा भात खरवडायचा, ह्यांच्या ताटातली अर्धी पोळी टाकवत नाही म्हणून तोंडात टाकायची. आता तोंडात काही घालायचं तर खुर्ची ओढून बसायचं, असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी गुडघे कंटाळले आणि घास आपोआप सुटले. कणीकही दीड वाटी कमी भिजवते. उरतच नाही, तर टाकायचं काय?

डबा परत पाठवतेय. त्यात बिनमिठाचे मुरमुरे आहेत आणि लोकरीचे पायमोजे. चारुता म्हणत होती, मशीनवर तुला थंडी वाजते. तू सांगितलं नव्हतंस.

माझी आठवण काढत जा, लाडू न वळता.

ताई

चिपळूण
२३ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

पायमोजे घालूनच लिहितोय. उबदार आहेत.

बुधवारी गणपती. डब्यात तळणीचे एकवीस मोदक आहेत आणि जागा उरली म्हणून करंज्या. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, हे तू बालवाडीत पोरांना सांगायचीस. मी खिडकीबाहेर उभा राहून ऐकलंय.

बाकी क्षेम. हिरवी चटणी वेगळी पाठवायची होती, चारुताने अडवलं.

दिनू

चिपळूण
९ सप्टेंबर २०२५

ती. वसुताईंस,
शि. सा. न. वि. वि.

हे आत मशीनवर आहेत आणि मी बाहेर बाकावर बसून लिहितेय. पत्र वाचून झालं की फाडून टाका.

ताई, डबे हे मुद्दाम पाठवतात. डिसेंबरात तुमचं वजन बाहत्तर भरू नये म्हणून. माझ्याशी तसं बोलले नाहीत, पण एवढ्या वर्षांत यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही आणि आता ओट्यापाशी स्टूल घेऊन बसतात. तूप अजून घाल, ताईला तुपाचे आवडतात, म्हणून सांगतात. स्वतःला त्यातला कणही चालत नाही. मी यांच्यासमोर तूप घालते आणि यांची पाठ वळली की निम्मं काढून ठेवते. मोदकही लिंबाएवढेच केले होते. यांना वाटलं, माझा हात बिघडला.

तुम्हाला वाटत असेल, ही नवऱ्याला अडवत का नाही. अडवून बघितलं. ताईकडून मी आता काहीही घेणार नाही, एवढंच बोलले आणि दोन दिवस अबोला धरला. ताई, मशीनवरून आल्यावर यांना शर्टाचं बटण काढवत नाही. मी काढते तेव्हा हे भिंतीकडे बघतात. मला भीती वाटते. मला तुमच्याकडे हे मागायचा हक्क नाही आणि मागितल्यावाचून राहवतही नाही. तुम्ही वजन कमी करा.

तुमची,
चारुता

खांदा कॉलनी
५ ऑक्टोबर २०२५

चि. दिनू यास,
आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडून.

गणपतीत मोदक खाऊन मी शहात्तरची सत्त्याहत्तर झाले होते. त्या वेळी स्वतःलाच बोल लावला. आता मला कळलंय, की बोल कोणाला लावायचा. कसं कळलं ते विचारू नकोस. तू आठ वर्षांचा होतास तेव्हापासून मी तुला वाढवलंय, तुझी लबाडी मला वासावरून कळते.

त्यानंतर आलेल्या दोन्ही डब्यांतलं मी काहीही खाल्लेलं नाही. लाडू वाया गेले नाहीत, तुझ्या भाऊजींनी खाल्ले. माझं अडीच किलो उतरलं आणि त्यांचं अडीच किलो चढलं. घराचं एकूण वजन तेवढंच आहे. चकल्या उरणच्या शांतीला दिल्या, ती दर रविवारी मासळी घेऊन येते. मला बघून म्हणाली, ताई तुमी सुकल्या, घरात कोनाशी भांडान हाय का? भावाशी, असं सांगितलं. तिने दोन बांगडे जास्त घातले आणि तुला चांगल्या शिव्या दिल्या. कादंबरीने बांगड्याला परवानगी दिली आहे, शिव्यांचं मी विचारलं नाही.

मी साडेचौऱ्याहत्तरवर आहे. अडीच किलो राहिले. डबा परत येतोय, रिकामा नाही. आत माझे सगळे रिपोर्ट आहेत. शेवटच्या पानावर डॉक्टरांनी लिहिलंय, की मला एक किडनी पुरेल असं त्यांना वाटतं. ते वाच आणि मला नीट सांग, तुझी अडचण काय आहे? डबा न भरता सांग.

ताई

चिपळूण
१४ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डबा घरीच ठेवलाय. सांगतो.

आई गेली त्या वर्षी समोरच्या सावंतांची म्हैस व्याली. त्यांनी वाटीभर खरवस पाठवला. तू सगळा माझ्यापुढे ठेवलास आणि म्हणालीस, मला खरवस आवडत नाही, वास येतो. पुढे दर वर्षी सावंतांची वाटी यायची आणि दर वर्षी तुला वास यायचा. दहा वर्षं मी तो एकट्याने खाल्ला. आवडीने खाल्ला, आणि लोकांना सांगत फिरलो, की आमच्या ताईला खरवस आवडत नाही.

आभाच्या बारशाला कोणीतरी खरवस आणला होता. तू दाराआड उभी राहून खात होतीस. वाटी संपल्यावर तू बोट फिरवून ती पुसलीस. मी जिन्यावरून पाहिलं. तेव्हा मला कळलं, की कॉलेज आवडत नाही असं सांगून एकोणिसाव्या वर्षी बालवाडीत नोकरी धरलीस तेही खरवसच होतं. नंतर मी हिशेब लावत बसलो, की अजून काय काय तुला आवडत नव्हतं.

आता तू लिहितेस, की तुला एक किडनी पुरते. डॉक्टरांचा कागद मी वाचला. पण तो तुझ्या डब्यातून आला ना ताई. तुझ्या "मला नको"वर मी एकदा विश्वास ठेवून बसलोय. मला आता तुझं काहीही खायचं नाही. आणि ऑपरेशनमध्ये तुला काही झालं तर मी आभाला तोंड कसं दाखवू? मला भीती वाटते, एवढंच आहे. माझ्या जिवाची नाही.

दिनू

खांदा कॉलनी
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

चि. दिनू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, कसलीही कपात न करता.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी उभ्याने वाचलं, मग खुर्ची ओढून बसले.

तू जिन्यावर होतास हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर बोट फिरवलं नसतं.

कॉलेजचं ऐक. मला रडू आलं होतं, ते खरं आहे. पण बालवाडी मी धरली, माझ्यावर कोणी लादली नाही, आणि तिच्यात माझे दिवस फार चांगले गेले. तू तेवढं एक जिन्यावरून पाहिलंस आणि त्यावरून माझं सगळं आयुष्य ठरवून टाकलंस. मी द्यायचं की नाही हे तरी मला ठरवू दे.

या खेपेला मी तुझ्यासाठी काही सोडत नाहीये. मला माझ्यासाठी हवंय. आपल्या आईला आई म्हणणारे जगात आपण दोघेच उरलोय. तू गेलास तर ती कशी हाक मारायची हे मी कोणाला विचारू? मला हे सहन होणार नाही, दिनू. हे खोटं वाटत असेल तर आभाला विचार. तिला घाबरायला झालंय, आणि तरी रोज संध्याकाळी ती फोन करून मला चालायला बाहेर काढते.

आज तुझ्या फोटोपुढे ओवाळलं. ओवाळणीत साडी नको. हो म्हण. आणि फराळ पाठवू नकोस. मी एक चकली, एक लाडू खाल्ला, बसून, छोट्या ताटात. दिवाळी झाली तेवढ्यात.

तुझी,
ताई

चिपळूण
७ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी तुझं वजन होणार असं चारुता म्हणाली. तुमच्या दोघींचं काय काय चालतं ते मला थोडंफार कळतं. माझ्या तुपाचा डबा महिनाभर संपत नव्हता.

उत्तराला सहा आठवडे लागले. रोज लिहायला बसत होतो आणि रोज कारण काढत होतो. शेवटी काल आईचा डबा धुतला, पुसला आणि स्टँडवर नेऊन दिला. पार्सलवाल्याने तोलून दोनदा विचारलं, आत काही राहिलं का, झाकण उघडून बघा. मी सांगितलं, असाच पाठवायचाय.

आईचा नियम मोडलाय. ती रागावली तर तू सांभाळून घे, तेवढं तू कायमच केलंयस.

तुझा,
दिनू

खांदा कॉलनी
१४ डिसेंबर २०२५

चि. दिनू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डबा मिळाला. झाकणाच्या कडेला रव्याचा एक कण होता. खाल्ला. उभ्याने.

शुक्रवारी एकाहत्तर किलो आठशे ग्रॅम भरले. डॉक्टर म्हणाले, छान, आता असंच ठेवा. कादंबरीला मी पेढा दिला, तिने निम्मा मोडून घेतला. तारीख बहुधा फेब्रुवारीत मिळेल. तुझ्या भाऊजींना तिने छोटं ताट सक्तीचं केलंय.

डबा मी परत पाठवत नाही, ऑपरेशनला येताना घेऊन येईन. तोवर चारुताला सांग, कोणाची म्हैस कधी व्यायची आहे ते बघून ठेव. तू बरा झालास आणि तुझ्या डॉक्टरांनी हो म्हटलं, की खरवस करायचा. मला तो फार आवडतो. लहानपणापासून आवडतो.

मला अर्धी वाटी पुरे. आता सवय झालीय. उरलेली अर्धी तुझी.

तुझी,
ताई