वसुलीचा कुंभळवाडी पॅटर्न

३ मार्च, सोमवार. सकाळी ७
ठरलं. या महिन्यात कुंभळवाडीची घरपट्टी आणि पाणीपट्टी वसुली शंभर टक्के. आज एकतीस टक्के आहे, पण आकड्यांना घाबरणारा ग्रामसेवक मी नव्हे. पुण्यात तीन दिवसांचं ट्रेनिंग झालंय, त्यातले दोन दिवस मी हजर होतो. मॅडम म्हणाल्या, वसुली हा पैशाचा नाही, मानसिकतेचा प्रश्न आहे. मला हे आधीपासून माहीत होतं, फक्त शब्द सापडत नव्हता.

पाण्याच्या मोटारीचं वीजबिल थकलंय. महिनाअखेर भरलं नाही तर लाईट तोडावी लागेल, असं वायरमन पप्पू सांगून गेला. मग नळ बंद, आणि बायकांना खालच्या विहिरीवरून हंडे आणावे लागणार. तो चढ वाईट आहे. माझ्या कारकिर्दीत असलं काही होणे नाही. उद्यापासून सहाला उठून नसरापूरहून निघायचं आणि दारोदार फिरायचं.

४ मार्च
साडेआठला उठलो. तसंही दारोदार फिरणं ही जुनी पद्धत. सिस्टीम पाहिजे.

६ मार्च
सिस्टीम सापडली. थकबाकीदारांच्या नावांचा फलक, थेट चावडीसमोर. ज्याची बाकी मोठी त्याचं नाव वर. लाजेसारखं औषध नाही. सरपंच मोहिनीताई म्हणाल्या, 'भाऊसाहेब, त्यापरीस दारात जाऊन बसा, च्या घ्या, पैसं घ्या.' ताई भल्या बाई आहेत, पण त्यांचं ट्रेनिंग झालेलं नाही. शिपाई गोरखला रंग आणायला पिटाळलं.

७ मार्च
फलक लावला. दहा मिनिटांत इम्पॅक्ट! फलकावर दुसऱ्या नंबरचे गेनबा तावातावानं आले. मी पावतीपुस्तक उघडलं. ते म्हणाले, 'माजं नाव बाजीच्या खाली का? जत्रंला पयला नारळ आमच्या घरचा. हितं बी पयलं नाव आमचंच पायजे.' फलक रकमेप्रमाणे आहे, असं समजावलं. तर म्हणाले, 'मग आमची बाकी वाढवा.'

८ मार्च
बाजी वरचा नंबर सोडायला तयार नाही. देवळात बैठक बसली. शेवटी नावं गावच्या मानाप्रमाणे लिहायची असं एकमतानं ठरलं. गोरखनं फलक पुन्हा रंगवला. वसुली शून्य. सिद्धनाथनं पट्टी जानेवारीतच भरलीय. तो हळूच विचारून गेला, सगळी भावकी फलकावर असताना मी एकटाच बाहेर दिसतोय, भरलेले पैसे परत मिळतील का? लोकसहभाग मात्र जबरदस्त आहे.

१२ मार्च
फलक ही फक्त पहिली पायरी होती. शहरात थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवतात म्हणे. आपल्या बजेटात हलगी बसते. शुक्रवारी सुट्टी आहे, सगळे घरात सापडतील. गोरख म्हणाला, 'त्या दिशी नगा काढू, भाऊसाहेब.' कारण विचारलं नाही. कारणं ऐकत बसलं की टार्गेट मागे पडतं.

१४ मार्च, धुळवड
हलगीवाले घेऊन बाजीच्या दारात गेलो. हलगी कडाडली. बाजी हसत बाहेर आला, माझ्या कपाळाला रंग फासला आणि हातात कालची पुरणपोळी व दहा रुपये ठेवले. शिमग्याचं पोस्त! धुळवडीला हलगी घेऊन दारात आलेल्याला काहीतरी द्यायचंच, ही इथली रीत. मग प्रत्येक दारी तेच. गेनबांनी अकरा दिले, बाजीपेक्षा एक जास्त. चंद्राबाई म्हणाल्या, 'लई सायेब आले नि गेले, पन पोस्त मागाया कुनी आलं न्हाई. तुमी आपल्यातलं.' मी पावतीपुस्तक पिशवीत टाकलं. अशा बाईकडे पट्टी कशी मागणार?

पोस्ताची पावती कोणत्या हेडखाली फाडायची, हा प्रश्न आहे. पोळ्यांचा प्रश्न घरी सुटला.

२० मार्च
क्यूआर कोड लावला. डिजिटल पेमेंट! मोबाईलला रेंज मात्र फक्त पाण्याच्या टाकीवर येते. लोक टाकीवर चढतात, पुण्यातल्या लेकींना फोन करतात आणि खुशीत उतरतात.

२७ मार्च
वसुली बत्तीस टक्के. ट्रेंड वरचा आहे. मोहिनीताई म्हणाल्या, 'आता तरी फिरा.' म्हटलं, पाडवा होऊ द्या. सध्या बीडीओ साहेबांसाठी प्रेझेंटेशन करतोय: 'कुंभळवाडी पॅटर्न'. अठरा स्लाईड.

३१ मार्च
पप्पू आला. त्याला बसवून अठराच्या अठरा स्लाईड दाखवल्या. त्यानं शांतपणे बघितल्या, 'झ्याक हायेत' म्हणाला, आणि जाऊन खांबावर चढला.

१ एप्रिल
नळ कोरडे. सकाळी विहिरीच्या चढावर चंद्राबाई हंडा टेकवून धापा टाकत बसलेल्या दिसल्या. सत्तरी उलटलीय त्यांची. म्हटलं, द्या इकडे. तर म्हणाल्या, 'ऱ्हाऊ द्या भाऊसाहेब, सांडाल.' फार वाईट वाटलं. यावर ट्रेनिंगमध्ये काही नव्हतं.

दुपारी २
ऑफिससमोर रांग! बायकांनी सांगून टाकलंय, पट्टी भरल्याशिवाय चूल पेटणार नाही. सगळे नवरे पावती घेऊनच घरी जातायत. पावतीपुस्तक संपलं. दुसरं आणायला गोरखला वेल्ह्याला पाठवलं.

३ एप्रिल
बिल भरलं, पाणी आलं. वसुली सत्त्याण्णव टक्के! पण पैसा एप्रिलमध्ये जमा झाला. त्यामुळे कागदोपत्री मार्चची वसुली बत्तीसच, आणि मला कारणे दाखवा नोटीस. चालायचंच. खरं काय ते गावाला माहीत आहे. उद्या ग्रामसभेत सत्कार ठेवलाय, असं गोरखकडून कळलं. कुणाचा ते विचारलं नाही, बरं दिसत नाही. शर्टाला इस्त्री केली. भाषण पाठ आहे.

४ एप्रिल
ग्रामसभेला देऊळ भरलं होतं. मोहिनीताई म्हणाल्या, ज्या माणसामुळं गावाची पट्टी वसूल झाली, त्याचा मान गावानं करायचा. मी उठलो. उठलोच होतो, म्हणून त्यांनी मला माईक आणायला सांगितला. पप्पूला फेटा बांधला, चंद्राबाईंनी नारळ दिला. तो बिचारा लाजून म्हणाला, 'म्या काय केलं? नुस्ती तार सोडवली.' टाळ्याच टाळ्या.

गावाच्या ग्रुपवर फोटो आलाय. त्यात मीही आहे. पप्पूच्या तोंडापुढे माईक धरलाय ना, तो हात माझा.