तुळशीशेजारची कोरडी जागा

माय, आज अंगण झाडताना तुळशीशेजारच्या त्या हातभर जागेपाशी माझा खराटा आपोआप थांबला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, बदनापूरच्या आपल्या गल्लीत सिमेंटचा रस्ता आला, घराला दोनदा रंग लागला, पण त्या मातीवर पाय द्यायची हिंमत अजून या घरात कोणाची होत नाही. माझी पोरंसुद्धा चेंडू तिकडे गेला की कडेकडेनं जाऊन काढतात. तुला न पाहिलेल्या पोरांनाही तुझा धाक आहे, काय म्हणावं!

दादा फौजेतून दिवाळीच्या सुट्टीवर आला तो दिवस मला लख्ख दिसतो. एका खांद्यावर ट्रंक आणि दुसऱ्या हातात डालड्याचा डबा. तुझी नजर लेकाच्या आधी डब्यावर गेली होती, खोटं बोलू नकोस. तुला वाटलं, पोरानं तूप आणलं. डब्यात निघाली ओली माती आणि खरबरीत पानांचं एक रोप. डोंगरातल्या त्याच्या छावणीजवळ एका बागेत ते वाढत होतं. नाव पॉपी, आपल्या खसखशीच्या जातीचं. एवढ्या लांबून त्यानं तो डबा रेल्वेत मांडीवर धरून आणला होता. तू म्हणालीस, "फुलंच आणायची व्हती तं जालन्यात काय कमी व्हती?" आणि लगेच पदर खोचून तुळशीशेजारी आळं करायला बसलीस.

परत जायच्या दिवशी बूट घालता घालता तो तुला समजावतोय. "माय, उन्हाळ्यात ह्याचा पाला वाळून जाईल. मेलं म्हणून उपटू नको. मुळी खाली जित्ती राहती. पर तवा पाणी बिलकुल घालायचं न्हाई, सडती ती. थंडी पडली का आपसूक वर येतं. दरसाल." तू मान हलवतेस, पण तुझं सगळं लक्ष त्याच्या पिशवीत लाडवांचा डबा नीट बसतोय का, याच्याकडे.

थंडी सरता सरता फूल आलं. असला लाल रंग आपल्या अंगणानं पाहिला नव्हता. पाकळ्या चुरगळलेल्याच उघडल्या. अण्णा जन्मभर जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात नोकरी केलेले, ते म्हणाले, "माल चांगला हाय, इस्त्री मारावी लागंल." शेजारच्या चाची भिंतीवरून डोकावल्या. "भाभी, ये अफू तो नै ना? पोलिस आयेंगे देखो!" तू म्हणालीस, "येऊ द्या की, चहा पाजते त्यायला." तुला इतकं मोकळं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

उन्हाळ्यात पाला वाळला, दादा म्हणाला होता तसाच. आणि त्याच उन्हाळ्यात त्याची गाडी दरीत कोसळली. तो पेटीत आला. त्याचं सगळं झाल्यावर एक दिवस सकाळी तू तुळशीला पाणी घातलंस आणि उरलेला तांब्या शेजारच्या कोरड्या मातीवर ओतलास. मग रोजच. नळ आटले, टँकरमागे घागरी घेऊन पळायची वेळ आली, पण त्या जागेचा तांब्या कधी चुकला नाही. दादाचं सांगणं मला आठवत होतं, अण्णांनाही आठवत होतं. तुझा हात धरायचा कोणी?

पावसाळा सरत आला तेव्हा तू मामाकडे कुंभार पिंपळगावला गेलीस. अण्णांनी खुरपं घेतलं आणि हलकेच माती उकरली. मुळी हाताला लागली ती काळी, बुळबुळीत. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडले. दादाला उचललं तेव्हाही ते असे रडले नव्हते. "तुझ्या मायला सांगू नको, बाई. पाण्यानं आपणच मारलं असं तिच्या मनानं घेतलं तं ती जगणार न्हाई." मुळी त्यांनी लांब नेऊन पुरली. दिवाळीनंतर जालन्याच्या रोपवाटिकेतून तसल्याच फुलाचं बी आणलं, एका हंगामापुरतं येणारं, आणि तू देवळात गेल्यावर त्या जागेत टाकलं. फुलं लहान आली, रंगही जरा फिका. तू बघितलंस आणि म्हणालीस, "आलं बाई माझं." अण्णा तोंड फिरवून चहा प्यायला लागले. मग दरसाल तेच. आम्ही बापलेक तुला फसवतोय, असं आम्हाला वाटत राहिलं.

अण्णा गेले त्या साली थंडी पडली तरी बी टाकायचं माझ्या डोक्यात आलं नाही. तू भाकरी थापत होतीस. तव्यावरची नजर न काढता म्हणालीस, "त्यायच्या बंडीच्या खिशात बी असंल. टाक जल्दी, वेळ चाललाय."

"माय, तुला ठाऊक व्हतं?"

"शेतकऱ्याची लेक हाय मी. मुळीतून फुटलेलं पान दांडगं येतं. हे केसावानी दोन-दोन पानांचं उगवतंय, मला कळत न्हाई व्हय?"

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"त्यायला काय सांगू? मला जपायचं म्हणून तं उठत व्हते ते." तू भाकरी उलटलीस.

"मंग रोज पाणी कामून घालतीस? मुळी पाण्यानंच..."

"ते बी ठावं हाय." तुझा आवाज एकदम बारीक झाला. "पर लेकराची जागा कोरडी कशी ठेवू?"

भाकरी करपली. तुझ्या हातची करपलेली तेवढी एकच. ती तू माझ्या ताटात येऊ दिली नाहीस, स्वतःच खाल्लीस. बी मी दुसऱ्या दिवशी टाकलं, तू देवळात गेल्यावरच. तशीच रीत होती.

तू गेल्यानंतरही मी दरसाल टाकत आले. फसवायला घरात कोणी उरलं नव्हतं, तरी टाकत आले. तुला वाचता येत नव्हतं. दादाची पत्रंही मीच वाचून दाखवायची. त्यामुळे हे मी माझं मलाच वाचते आहे, आणि घडी घालून तुझ्या लुगड्यांत ठेवून देणार आहे.

पण एक सांगते. यंदा मी बी टाकलं नाही. उन्हाळाभर त्या जागेवर पाण्याचा थेंब पडू दिला नाही, दादानं सांगितलं होतं अगदी तसं. ती काळी मुळी मी या हातानं धरलेली आहे, माय. तरी थंडी पडल्यापासून रोज सकाळी मी तिथं वाकून बघते.