बाबांनी खणलेला पाया

प्रिय हेडाताई,

हे पत्र घेऊन फादर स्तेफान स्वतः येतील. त्यांच्यावर लाटणं उगारू नकोस. शाळा बंद करण्याचा बिशपसाहेबांचा हुकूम वाचून दाखवण्यापलीकडे त्या बिचाऱ्याच्या हातात काही नव्हतं.

मठात मला खिडकीजवळची खोली दिली आहे. काम काहीच नाही. इतकी वर्षं शाळेची घंटा मी वाजवली, आता दुसऱ्याच्या घंटेवर उठते, जेवते, प्रार्थनेला जाते. थकवा असा आहे, की झोपूनही उतरत नाही. तुम्ही बायका शाळेच्या स्वयंपाकघरात आतून कडी लावून बसल्याचं कळलं. चुलीवर कोबी घातलेल्या हालुश्की आणि हातात जपमाळ! कुलूप ठोकायला आलेल्या माणसाला आना म्हातारी खिडकीतून म्हणाली म्हणे, "कुलूप राहू दे रे बाबा, जेवला नसशील तर ताट वाढते." बऱ्याच दिवसांनी हसले.

शाळेच्या निरोपाच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांदेखत तू मला म्हणालीस, "अंगावर हा काळा झगा चढवलास, तेव्हाच तू बाबांची लेक राहिली नाहीस." पण ताई, ही शाळा मुळात तुझ्यामुळे झाली. मी तेव्हा पाळण्यात होते. तू टेकडीवरच्या आयरिश लोकांच्या शाळेत पहिलीत होतीस. एकदा तू आपल्या स्लोव्हाक भाषेत पाणी मागितलंस, वर्ग हसला, आणि इंग्रजीत मागता येईपर्यंत बाईंनी तुला भिंतीशी उभं केलं. शाळा सुटेपर्यंत तू उभीच. बाबा खाणीतून आले, तोंडावरचा कोळसासुद्धा न धुता तडक तेव्हाच्या फादरांकडे गेले. "माझ्या पोरीला पाणी मागायची भीती वाटते, फादर. आपली शाळा पाहिजे." मग खाणीतली पाळी संपली की माणसं घरी न जाता पाया खणायला यायची. आई म्हणायची, दिवसभर जमिनीखाली खणून यांचं पोट भरत नाही, आता वरही खणतायत.

किती पोरं शिकली तिथे. संपाच्या हिवाळ्यात घरोघरच्या चुली विझल्या, तेव्हा शाळेत सूप शिजायचं, आणि मालकाच्या मुकादमाची पोरंही आपल्या पोरांशेजारी बसून प्यायची. मी त्याच वर्गांत शिकले, तिथेच शिकवायला परत आले. पुढे खाणी बंद पडल्या. तरुण माणसं क्लीव्हलंडला गेली, तुझा मुलगा यानही गेला, आपल्या पोरीला, झुझानाला, तुझ्याजवळ ठेवून. मठात नव्या मुली येईनात, शिकवायला सिस्टर मिळेनात. शेवटच्या वर्षी सगळी शाळा दोन वर्गांत मावत होती, आणि बॉयलर बंद पडला की पोरं हातमोजे घालून लिहायची. तू म्हणतेस मी लढले नाही. बिशपसाहेबांच्या दारात मी किती वेळा बसले हे कुणाला सांगितलं नाही, कारण दर वेळी हात हलवत परत आले. आणि खरं सांगू, शेवटच्या वेळी त्यांनी नाही म्हटलं, तेव्हा मला हायसं वाटलं. गळक्या छताकडे बघत शिकवायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

काल मठाच्या मदरकडे गेले. म्हटलं, टेकडीवरच्या त्याच शाळेत पहिलीला शिकवायला मला पाठवा. त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला विश्रांती दिली आहे ना?" म्हटलं, "दिलीत, पण मला ती लागू पडत नाही." त्यांनी होकार दिला. ताई, तुमच्या त्या कडीमागे आपली पोरं शाळेवाचून बसली आहेत. आयांना वाटतं, आपण पोरांना टेकडीवर धाडलं तर हेडा काय म्हणेल. सगळ्या तुझ्या तोंडाकडे बघतात. बाबांना नुसत्या भिंती नको होत्या गं, तू न रडता शाळेत जावीस, एवढंच हवं होतं. आता कडी काढ. सोमवारी झुझानाचे केस विंचर, तिचा हात धर आणि सगळ्यांना दिसेल अशी भर रस्त्याने टेकडी चढ. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पोरीला सोड आणि हवं तर तशीच माघारी फिर. पहिलीच्या दारात मी उभी असेन.

अजूनही तुझीच,
पावला