गाळाचा उंदीर

नार्वे, चवथ तोंडावर आली

तीर्थरूप दादांस धाकट्या सत्यवतीचा पाया पडून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा दमा? इकडे आम्ही सगळी बरी आहोत, म्हणजे तुमचा नातू येईपर्यंत होतो.

यशवंताला तुम्हीच पाठवलात, पोर कॉलेजात शिकते, न्हंयतला गाळ तपासते, ठेवून घे म्हणून. ठेवून घेतला. पावसाआधी त्याने होडीतून नदीच्या तळाशी नळी खुपसून चिखल काढला आणि थरांप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत भरला. वरचा थर यंदाचा, तळचा म्हणे माझ्या लग्नाआधीचा. लोखंडाला शिवायचे नाही, प्लास्टिकच्या कुलेराने, चमच्यानेच उचलायचा. (एवढे सोवळे आमच्या सासूबाईंनीही पाळले नव्हते.) कशाला, तर खाणींकडून वाहून येणारे लोखंड, मँगनीज, शिसे पाण्यात दिसतात चिमूटभर आणि गाळात बसतात ढीगभर. रेतीला फारसे धरत नाहीत, बारीक चिखलाला चिकटतात. चिखल स्वस्थ असला तर तेही निजून असतात, कोणी ढवळला की उठून पाण्यात येतात. मी म्हटले, बाबा, आमच्या भावकीचेही असेच आहे, त्याला नळी कशाला? हसला नाही.

इथवर सोसले. पण त्याने आमच्या सुनेला, विमलेला (तिला निमित्तच हवे) सांगितले की तिसऱ्यांचे शिंपले त्याच गाळात राहतात, त्यातलेच पोटात घेतात, तेव्हा तपासणी होईपर्यंत घरात आणू नका. दादा, श्रावण मी कशाच्या आशेवर काढते ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून त्याच्या गाळाची घाई मलाच जास्त. वाळत घातलेल्या चिखलावरून कोंबड्या हाकलल्या त्या मी.

वाळवून, चाळून, पिठासारखा करून त्याने डबे पडवीत ठेवले आणि ते न्यायला गाडी बघायला डिचोलीला गेला. आता श्रावणात आमच्या पडवीत ठेवलेली माती म्हणजे गणपतीची, हे मूर्ती करणाऱ्या रामचंद्र चिताऱ्याच्या आजोबांपासून चालत आलेले. तो आला, बसला, डबे उघडले. मी परसात पातोळ्यांसाठी हळदीची पाने काढत होते. येऊन बघते तर सगळे थर एकत्र मळून त्याचा उंदीर झालेला!

"काकी, असली मऊ माती जल्मात बघली नाय," म्हणाला. "गणपतीक तेवढी पुरली नाय."

यशवंत आला तो पायरीवरच बसला. मी म्हटले, अजून पूजा कुठे झाली, उंदीरच उचलून ने. तर म्हणतो, "आजी, तुझ्या लग्नाआधीचं शिसं आणि यंदाचं शिसं एक झालं. आता काय तपासू?" तेवढ्यात रामचंद्राने रंग काढले. त्यावर हा ओरडला की रंगातही शिसे असते, विसर्जनाला ते पुन्हा न्हंयतच जाणार. झाले, चितारी रुसून उठला. त्याला चहा-पाव देऊन बसवला आणि ठरवून टाकले, यंदा उंदीर बिनरंगाचा. गाव काय म्हणेल ते म्हणो.

गाळ आता न्हंय उतरल्यावर, दिवाळीनंतर पुन्हा काढायचा. तपासणी त्याच्याही नंतर. तोवर विमला मला दुधी घालणार. पोराला समजवा, राग धरू नको म्हणावे, पुन्हा यायला हरकत नाही.

तुमची बहीण,
सत्यवती

ता. क. चवथ सरली की धारगळहून येणाऱ्या कोणाकडे तुमच्या बाजूच्या तिसऱ्या पाठवा. वर केळीचे पान झाका, विमलेला केळफूल म्हणून सांगेन.

आणखी एक. यशवंत पुढे तुमच्या न्हंयत नळी घालायची म्हणतो. तुम्ही त्याचे आजोबा आहात. त्याला होडी मिळू देऊ नका.